सिनेमाचा शेवट कुणी पाहिला?

दुपारची सामसूम होती. माझी लेक खारू झोपली होती, म्हणजे आमच्या घरात तेवढ्यापुरता युद्धविराम होता, आणि मी श्वाससुद्धा बेतानं घेत ओट्याशी उभी होते. इतक्यात बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्याच्या झाकणावर ठेवलेला माझा फोन थरथरला. फोन गादीवर थरथरला तर मुंगीलाही कळत नाही. पत्र्यावर थरथरला तर अख्खा मजला जागा होतो. आतून "आई, काय पडलं?" असा आवाज आला आणि माझी दुपार तिथंच संपली.

निरोप फ्रेमताईचा होता. ही माझी कॉलेजातली मैत्रीण. एकदा मी कॉलेजच्या जिन्यावरून गडगडत खाली आले, तेव्हा हात द्यायच्या आधी ती दोन पावलं मागे सरून "काय फ्रेम आहे" असं म्हणाली होती. तेव्हापासून तिचं हे नाव. आता ती एका फिल्म क्लबची कार्यवाह आहे, आणि निरोपात तिनं लिहिलं होतं, "शनिवारी संध्याकाळी सहा. तो येतोय. एकच खेळ. तुम्हा दोघांचे पास ठेवलेत."

तो म्हणजे तो सिनेमा. कॉलेजात आम्ही त्याच्याबद्दल नुसतं वाचलं होतं. एका महोत्सवात म्हणे प्रेक्षकांनी चिडून खुर्च्या मोडल्या, आणि दुसऱ्या महोत्सवात खुर्च्यांवर उभं राहून टाळ्या वाजवल्या. दोन्हीकडे नुकसान खुर्च्यांचंच. दिग्दर्शक असा हट्टी, की फोनवर, टीव्हीवर, कशावरही तो सिनेमा दाखवायला त्यानं साफ नकार दिलेला. अंधारात बसून मोठ्या पडद्यावर पाहा, नाहीतर पाहू नका.

मला तो पाहायचा होता. किती, ते सांगते. खारूच्या जन्मापासून मी कुठलीही गोष्ट शेवटपर्यंत केलेली नाही. चहाचा शेवटचा घोट गरम प्यायलेला नाही. पुस्तकांच्या नायिका पहिल्या प्रकरणात ज्या खिडकीशी उभ्या राहिल्यात, त्या अजून तिथंच उभ्या आहेत, बिचाऱ्यांचे पाय दुखत असतील. सिनेमा म्हणावा तर खुनी कोण हे मला एकाही बाबतीत माहीत नाही. मला फक्त एक गोष्ट, एकच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग पाहायची होती. जगानं तेवढा वेळ मला हाक मारायची नाही, एवढीच माझी अट होती.

बेत साधा होता. मी आणि नवरा जाणार, सासूबाई खारूला सांभाळणार. सासूबाई म्हणाल्या, "जा की. कसला आहे सिनेमा?"

आता या प्रश्नाला मी काय उत्तर द्यायला हवं होतं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. पत्रकात लिहिलं होतं, "एका गृहिणीच्या एका दिवसाचं निर्दय, निर्वस्त्र चित्रण." त्यातले मधले दोन शब्द गाळून मी म्हणाले, "एका गृहिणीच्या एका दिवसाचं चित्रण आहे, आई."

खोटं एक अक्षरही नव्हतं. संपादन होतं.

पण त्या वेळी खालच्या मजल्यावरच्या हेडबाई आमच्याकडे बसलेल्या होत्या. या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्त फक्त शाळेतून. इमारतीतल्या सगळ्यांची हजेरी त्या अजून घेतात. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि म्हणाल्या, "घरकामावर सिनेमा काढला कुणीतरी? शाबास. आपल्या कामाची दखल घेतलीन बघा शेवटी. मी येणार."

"बाई, संथ आहे हो फार," मी म्हणाले.

"मी चाळीस मुलींचं पाठांतर एकामागून एक ऐकलंय. मला संथपणाचं काय सांगतेस."

हे ऐकून सासूबाईंनी हातातलं विणकाम खाली ठेवलं. "मग मीही येते. मला तरी कोण नेतं कुठं."

या वाक्यावर जगातल्या कुठल्याही सुनेकडे तोड नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो लगेच म्हणाला, "तुम्ही तिघी जा. मी थांबतो खारूजवळ." चेहऱ्यावर असा त्याग होता की कुणाचेही डोळे भरून यावेत, फक्त शनिवारी संध्याकाळी फुटबॉलचा अंतिम सामना होता, हे मला ठाऊक होतं. तिसरा पास फ्रेमताईनं आनंदानं दिला. "सासू, सून आणि शिक्षिका," ती म्हणाली. "काय फ्रेम आहे."

शनिवारपर्यंत सल्ल्यांचा पाऊस पडला. हेडबाई म्हणाल्या, मुलाला सांगून निघावं, विश्वास वाढतो. वरच्या मजल्यावरची नर्स म्हणाली, मुळीच सांगू नये, गुपचूप सटकावं, रडून रडून ताप चढतो. मी दोन्ही सल्ले एकदम अमलात आणले: गुपचूप सटकत होते, आणि दारात चपला घालताना खारूनं पकडल्यावर सांगून टाकलं. ती म्हणाली, "जा," आणि बाबाच्या डोक्यावर चढून बसली. हा अपमान गिळायला मला टॅक्सीत बसेपर्यंतचा वेळ लागला. निदान थोडं तरी रडायचं.

सभागृहाच्या दाराशी एक काका टेबल टाकून बसले होते. त्यांनी पास पाहिले, आम्हाला पाहिलं, आणि म्हणाले, "वयाचा दाखला."

"कुणाचा?" मी विचारलं.

"तिघींचा. फक्त प्रौढांसाठी आहे."

सासूबाईंचे सगळे केस पांढरे आहेत. गुडघेदुखीमुळे त्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबून आल्या होत्या आणि अजून धापा टाकत होत्या. मी म्हणाले, "काका, यांच्याकडे बघा ना."

"बघून ठरवायचा अधिकार मला नाही," नियमकाका म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं, गर्वही नव्हता. डोंगर जसा असतो तसे ते होते.

"फक्त प्रौढांसाठी म्हणजे काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे लहान मुलांना कंटाळा येईल असा."

"मग बरोबर आहे," हेडबाई म्हणाल्या आणि पर्समधून आपलं ओळखपत्र काढून त्यांनी टेबलावर पत्त्यातला एक्का टाकावा तसं टाकलं. माझंही होतं. सासूबाईंचं घरी होतं. मी नवऱ्याला फोन केला; त्यानं ओळखपत्राचा फोटो पाठवला. फोटोत जन्मसालावर खारूचा अंगठा होता, जॅमसकट. दुसरा पाठवला, त्यात अंगठा नव्हता, पण ओळखपत्र नवऱ्याचंच होतं. आतून घंटा झाली. तिसऱ्या फोटोत सगळं बरोबर होतं. काकांनी तो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला, बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि म्हणाले, "बसतंय वयात. जा."

सासूबाई मात्र खूश झाल्या होत्या. "या वयात कुणी मला लहान समजेल असं वाटलं नव्हतं," असं त्या अंधारात खुर्ची चाचपडताना म्हणाल्या.

सिनेमा सुरू झाला. एक स्वयंपाकघर. एक बाई. ती भांडी घासतेय. संगीत नाही, संवाद नाही, नुसता पाण्याचा आवाज. मला काय वाटलं ते कसं सांगू? घरी मी तेच करते, पण घरी ते मला दिसत नाही. इथं ते भिंतीएवढं मोठं होऊन समोर उभं होतं. मी पुढं सरकून बसले. डोक्यातली कोपऱ्याकोपऱ्यातली कुरकुर थांबली. कितीतरी दिवसांनी मी एका जागी पूर्ण होते.

"साबण जास्त घेते," डावीकडून सासूबाई म्हणाल्या.

"शूः," पुढून कुणीतरी म्हणालं.

बाईनं भांडी पुसली, ओटा पुसला, इस्त्री काढली आणि तापत ठेवली. मग शांतपणे ब्लाउजचं वरचं बटण काढलं. उजवीकडच्या हेडबाई ताठ झाल्या. दुसरं बटण. हेडबाईंनी पर्स उचलून डोळ्यांसमोर धरली. त्यांची पर्स शाळेच्या दप्तराएवढी आहे. तिच्याआड एक मध्यम आकाराचा वर्गसुद्धा लपला असता.

"झालं का?" पर्सच्या मागून आवाज आला.

"नाही, बाई."

"आता काय करतेय?"

"ब्लाउजला इस्त्री करतेय."

"इस्त्री ना? मग बघते." पर्स खाली आली आणि तितक्याच वेगानं वर गेली. "अगं, नुसती इस्त्री काय म्हणतेस. बाकीचं नको का सांगायला?"

यानंतर तो सिनेमा मी दोन भाषांत पाहिला: एक पडद्यावरची आणि एक मी हेडबाईंच्या कानात करत होते ती. बाई एकेक कपडा उतरवत होती, त्याला इस्त्री करत होती, घडी घालत होती आणि कपाटात ठेवत होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. लाज नाही, मजा नाही, चीड नाही. जणू ती स्वतःलाच आवरून कपाटात ठेवत होती. आणि या सगळ्याचं मी "स्कर्ट, बाई. आता घडी. आता पुढचं, बघू नका" असं धावतं वर्णन करत होते.

सासूबाईंची मला खरी भीती होती. मी तिरक्या नजरेनं पाहिलं. त्या मान पुढं काढून, डोळे बारीक करून एकटक बघत होत्या. रागावल्यात की काय कळेना. शेवटी त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "घड्या चांगल्या घालते हो."

मला हसू आलं. हसू दाबायला रुमाल हवा म्हणून मी पिशवीत हात घातला, आणि त्या संपूर्ण निःशब्द क्षणी, जेव्हा पडद्यावर बाईनं शेवटचा कपडा कपाटात ठेवून दाराकडे मान वळवली होती आणि अख्खं सभागृह श्वास रोखून बसलं होतं, तेव्हा माझ्या पिशवीतून खारूचं रबरी बदक ओरडलं. किंचाळलंच म्हणा. पुढच्या दोन रांगा वळल्या. एक दाढीवाला गृहस्थ मात्र वळला नाही; शेजाऱ्याला तो गंभीरपणे म्हणाला, "ध्वनीचा काय विलक्षण वापर आहे."

बाई दाराकडे निघाली. अंगावर काही नाही, आणि ती चालतेय अशी, जणू सगळं आहे. कॅमेरा हलत नव्हता. घर लांबलचक होतं आणि ती सावकाश चालत होती. आता शेवटच राहिला होता. ती दार उघडणार की नाही, उघडून बाहेर जाणार की नाही, ज्याच्यासाठी खुर्च्या मोडल्या होत्या तो शेवट.

माझ्या मांडीवर फोन थरथरला.

मी पाहायचं नाही असं ठरवलं. तो पुन्हा थरथरला. नवऱ्याचा निरोप होता: "घाबरू नकोस. खारूनं नाकात मणी घातलाय. आत गेलाय बहुतेक."

"घाबरू नकोस" हे शब्द लिहिणाऱ्यानं आपल्या जबाबदारीवर लिहावेत. मी सासूबाईंना फोन दाखवला. त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, "मणीच आहे ना? तुझ्या नवऱ्यानं वाटाणा घातला होता, त्याला मोड यायची वेळ आली होती. निघतं सगळं. बस तू."

"आई, कसं बसू?"

"बघून जा गं. एवढी आलीस तर."

मी बसायला हवं होतं का? पडद्यावर त्या बाईचा हात दाराच्या कडीकडे जात होता. मी उठले. सगळ्यांचे गुडघे ओलांडत, "माफ करा, माफ करा" म्हणत, पडद्याला पाठ करून दाराकडे निघाले. तीही दाराकडे, मीही दाराकडे. फक्त मी पूर्ण कपड्यांत होते आणि माझ्याकडे सगळे रागानं बघत होते.

टॅक्सी मिळेना तेव्हा मी अर्धा रस्ता पळाले. घरी पोचले तेव्हा नवरा सोफ्यावर, खारू त्याच्या पोटावर, आणि मणी टेबलावर बशीत. "शिंक आली आणि निघाला," नवरा म्हणाला. "तुला दुसरा निरोप पाठवला ना मी." पाठवला होता. मी पळत असताना तो पिशवीत बदकाशेजारी पडला होता. खारू म्हणाली, "आई, तू लवकर का आलीस?" आणि पुन्हा सामना बघू लागली.

मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

सासूबाई आणि हेडबाई तासाभरानं आल्या. मी दारातच विचारलं, "शेवटी काय झालं? ती गेली?"

"मी पर्स खाली घेतलीच नाही," हेडबाई म्हणाल्या. "तू उठून गेल्यावर सांगायला कोण होतं मला? दार वाजलेलं ऐकलं मात्र."

"उघडल्याचं वाजलं की लावल्याचं?"

हेडबाईंनी प्रामाणिकपणे डोळे मिटून आठवून पाहिलं. "दार वाजल्याचं," त्या म्हणाल्या.

"आई, तुम्ही तर बघत होतात."

सासूबाई खुर्चीत टेकल्या आणि गुडघे चोळू लागल्या. "अगं, तिनं इस्त्रीचं बटण बंदच केलं नाही. कोपऱ्यात ती तशीच तापत होती. ही चालली दाराकडे, आणि मी म्हणतेय, अगं बाई, बटण, बटण. माझं सगळं लक्ष तिकडंच. धूर येतो का बघत होते, तेवढ्यात दिवे लागले."

"म्हणजे तुम्ही शेवटी इस्त्री बघत होतात?"

"मग? घर जळलं असतं."

रविवारी सकाळी मी फ्रेमताईला फोन केला. ती तर कार्यवाह, तिनं पाहिलाच असणार.

"ती गेली का बाहेर?" मी विचारलं.

"मुळात आत आणि बाहेर असं काही आहे का, हाच प्रश्न तो सिनेमा विचारतो," फ्रेमताई म्हणाली.

"ते कळलं. पण तिनं उंबरठा ओलांडला का? पाय उचलून?"

"उंबरठा तिच्या आतच आहे गं."

"फ्रेमताई, मला एवढंच सांग, सिनेमा संपला तेव्हा ती घरात होती की रस्त्यावर?"

ती जरा दुखावली. "तू फारच गोष्टीत अडकतेस," म्हणाली. "चौकट बघ ना."

मग मी त्या नियमकाकांचा नंबर मिळवला. इथवर माझी मजल गेली होती. ते म्हणाले, खेळ चालू असताना दाराकडे तोंड करून बसायचं असा नियम आहे, पडद्याकडे नाही, आणि इतक्या वर्षांत त्यांनी तो कधी मोडलेला नाही. "मला फक्त कोण बाहेर आलं ते माहीत असतं," ते म्हणाले. "काल एकच बाई मध्येच बाहेर आली. पळत होती."

"ती मीच," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

अख्खं सभागृह भरलेलं होतं, आणि ती बाई गेली की थांबली हे सांगणारा एक माणूस मला मिळाला नाही. नवरा म्हणाला, "तू तुझा शेवट कर ना कल्पनेनं." हा माणूस फुटबॉलच्या सामन्याचा निकाल कल्पनेनं करेल का, असं मी विचारलं.

संध्याकाळी खारूला आंघोळ घालत होते. टबमध्ये ती, कडेला मी, बाही कोपरापर्यंत वर सारलेली. दिवसभर माझे फोन तिनं ऐकले होते. केसांना साबण लावून घेताना तिनं विचारलं, "कोण बाई गं?"

"सिनेमातली. एका घरात राहायची. एक दिवस तिनं सगळी कामं केली, सगळे कपडे घडी घालून ठेवले आणि दाराकडे निघाली."

"मग?"

"मग मला माहीत नाही, राणी. मी तेवढ्यात घरी आले."

"बाबानं फोन केला म्हणून."

"हो. तू मणी घातलास म्हणून."

खारूनं नाक चिमटीत धरून पाहिलं, रिकामं आहे याची खात्री केली. केसांवरचा फेस कपाळावर ओघळत होता, तो मी हातानं मागं सारला. तिनं बराच विचार केला. मग डोळे घट्ट मिटूनच, कारण आता मी पाणी ओतणार हे तिला माहीत होतं, तिनं विचारलं, "आणि त्या बाईला कुणीच फोन केला नाही?"